शाकुदोचा काळा, शिबुइचीचा राखाडी

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जपानमधल्या कानाझावा शहरातल्या एका कारागिराने घडवलेल्या फुलदाणीचे छायाचित्र तुम्ही पाहिले. घाट जुन्या कांस्यपात्राचा, शांत आणि भरीव; अंगावर मात्र काळ्या, राखाडी, तांबूस आणि रुपेरी रंगांचे पट्टे, एखाद्या अमूर्त चित्रातल्यासारखे. हे रंग वरून चढवलेले आहेत का, अशा कामाला पारंपरिक म्हणायचे की आधुनिक, आणि तांब्यापितळेवर हात बसलेल्या माणसाला त्यातले काही इथल्या छोट्या कार्यशाळेत करून पाहता येईल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी गेली सव्वीस वर्षे धातूवर कोरीवकाम आणि जडावकाम करते आणि त्यांतले दोन हिवाळे मी इशिकावा प्रांतातल्या एका वयस्कर कारागिराच्या हाताखाली काढले आहेत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दुसऱ्याचे उत्तर दडलेले असल्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

रंग वरून चढवलेले नाहीत. त्या फुलदाणीवर रोगणही नाही आणि मीनाकामही नाही. जो काळा भाग दिसतो तो बहुधा शाकुदो नावाच्या मिश्रधातूचा आहे, म्हणजे तांब्यात साधारण 3 ते 5 टक्के सोने. राखाडी भाग शिबुइचीचा, म्हणजे तांबे आणि चांदी यांचा. शिबुइची या शब्दाचा अर्थच 'चारातला एक हिस्सा' असा आहे, कारण जुन्या मापात तीन भाग तांब्याला एक भाग चांदी पडत असे. प्रत्यक्षात चांदीचे प्रमाण पुष्कळ कमीजास्त होते आणि त्याप्रमाणे राखाडीची छटा गडद किंवा फिकी होते. तिचे दुसरे नाव 'ओबोरोगिन' आहे, म्हणजे धुकट चंद्रप्रकाशासारखी चांदी. शाकुदो ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ मात्र 'लाल तांबे' असा होतो, आणि ज्याची सगळी ख्याती काळेपणासाठी आहे त्याला हे नाव का, म्हणून मी पहिल्या महिन्यात बुचकळ्यात पडले होते. मुशीतून काढलेली शाकुदोची लगड हातात घेतली तेव्हा उलगडा झाला: घासल्यावर ती साध्या तांब्यासारखीच तांबडी दिसते. राखाडी होण्यापूर्वी शिबुइचीही फिकट तांबूसच असते. म्हणजे फुलदाणी घडून, कोरून, जडवून पूर्ण झाली तरी तिच्यावरचे चित्र जवळजवळ दिसत नाही. तांबड्यावर तांबडे, एवढेच.

चित्र उमटते ते शेवटच्या उकळीत. तांब्याच्या पातेल्यात पाणी, त्यात रोकुशो नावाचे हिरवट ताम्रक्षार आणि थोडे मोरचूद. वस्तू त्याआधी कोळशाच्या कांडीने पाण्याखाली घासून घासून अशी आणलेली असते की तिला आरशासारखी चमक नसते, पण ओरखडाही नसतो. मग राखेने किंवा खाण्याच्या सोड्याने तिचा तेलकटपणा पूर्ण काढायचा. पाणी थेंब न धरता सलग पसरले, तरच ती स्वच्छ झाली असे समजायचे. यानंतर तिला बोट लावायचे नाही. माझे गुरू तिला तांब्याच्या तारेला टांगून किसलेल्या मुळ्याच्या रसात बुडवत आणि रस निथळायच्या आत द्रावणात सोडत. मुळा कशासाठी, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, की मुळ्याशिवाय करून बघ. मी तांब्याचा तुकडा तसाच सोडला आणि त्यावर ढगांसारखे डाग पडले. रसातून काढलेला दुसरा तुकडा एकसारखा रंगला. द्रावणात वस्तू सतत हलती ठेवावी लागते. दोन-तीन मिनिटांत तांबे नारिंगी होऊ लागते, मग विटेकडे झुकते. शिबुइची आधी मळकट पिवळी दिसते आणि मग राखाडीत स्थिरावते. शाकुदो तपकिरी, जांभळट अशा टप्प्यांतून जाऊन शेवटी असा काळा होतो की त्याला जपानीत ओल्या कावळ्याच्या पंखाची उपमा देतात, आणि ती चपखल आहे, कारण त्या काळ्याच्या आत निळसर-जांभळी झाक असते. शुद्ध सोने आणि शुद्ध चांदी यांना द्रावण काहीच करत नाही. एकाच पातेल्यात, एकाच वेळी, प्रत्येक धातू आपापला रंग घेतो. हा रंग म्हणजे पृष्ठभागावर वाढलेला तांब्याच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो आणि शाकुदोच्या बाबतीत त्या थरात अडकलेले सोन्याचे सूक्ष्म कण त्याला काळा करतात. बिदरीकाम जवळून पाहिलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही, कारण तिथेही किल्ल्यातल्या मातीच्या लेपाने जस्ताचा मिश्रधातू काळा पडतो आणि त्यात जडवलेली चांदी तशीच शुभ्र राहते. फरक एवढाच की बिदरीत दोन रंग मिळतात आणि इथे पाच-सहा.

याचा परिणाम रचनेवर होतो आणि माझ्या मते या कलेतले सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. चित्रकार रंग शेवटी ठरवू शकतो, हा कारागीर मुशीपाशीच ठरवतो. कोणता पट्टा किती राखाडी हवा याचा निर्णय चांदी तोलताना घ्यावा लागतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी उकळीतून वस्तू बाहेर येईपर्यंत तो बरोबर होता की नाही हे कळत नाही. ओतण्याची पद्धतही विलक्षण आहे. जुन्या रिवाजात लगड लोखंडी साच्यात ओतत नाहीत. गरम पाण्याखाली जाड कापडाचा खळगा ताणून त्यात रस ओततात. पाण्यात वितळलेला धातू ओतायचा म्हटल्यावर कोणीही मागे सरेल, पण पाणी पुरेसे गरम असेल तर धातूभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि तो त्या कापडात शांतपणे थिजतो. अशा लगडीची कातडी स्वच्छ निघते आणि आत पोकळ्या कमी राहतात. मात्र माझ्या देखरेखीशिवाय शिकाऊ मुलांना मी हे करू देत नाही आणि तुम्हीही पुस्तकात वाचून ते करू नये.

आता जडावकामाकडे वळते. तुम्ही पाहिलेल्या फुलदाणीवरचे पट्टे एकमेकांत सपाट बसलेले आहेत, म्हणजे ती हिराझोगान, म्हणजे सपाट जडावाची, पद्धत आहे. तागाने नावाच्या छोट्या टाक्यांनी चर कोरायचा, चराच्या कडा आतल्या बाजूला अधिक रुंद कापायच्या, त्यात दुसऱ्या धातूचा बेताचा तुकडा बसवायचा आणि ठोकून पसरवायचा, की तो खालच्या खाचेत शिरून अडकतो. मग कानशीने दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत आणायचे. धातू वितळवून दिलेला डाग नाही, डिंक नाही. कानाझावात ही परंपरा कागा झोगान म्हणून ओळखली जाते. मायेदा या तिथल्या सत्ताधारी घराण्याच्या आश्रयाखाली तिथे घोड्यांच्या रिकिबी सजवल्या जात आणि त्यांची कीर्ती अशी, की कितीही दौड झाली तरी जडवलेला तुकडा निखळत नाही.

नाकागावा मामोरू हे 1947 साली कानाझावात जन्मलेले कारागीर याच परंपरेतले. 2004 साली त्यांना कोरीव धातुकामासाठी जिवंत राष्ट्रीय ठेवा हा जपान सरकारचा मान मिळाला. त्यांनी रिकिबीवरचे तंत्र घेतले आणि त्याला एक पायरी पुढे नेले: एक धातू जडवून झाला की त्याच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. असे थर देताना प्रत्येक वेळी खालच्या धातूची जाडी इतकी राखावी लागते की पुढचा चर आरपार जाऊ नये, आणि शेवटच्या कानसकामात सगळे थर एका पातळीवर येतात तेव्हा एखादा पातळ थर पूर्णच घासला जाण्याची भीती असते. इतकी खटपट करून त्यांच्या पात्रांवर जे दिसते ते काय? संध्याकाळच्या आकाशाचा एक पट्टा, पाण्याची रेघ, कोपऱ्यांचा खेळ. फुले नाहीत, पक्षी नाहीत, ड्रॅगन नाहीत. तंत्र दौडणाऱ्या घोड्याच्या रिकिबीचे आणि नजर विसाव्या शतकातल्या चित्रकाराची. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी इथेच देईन: या कामात परंपरा नक्षीत नसून टाकीच्या धारेत आणि पातेल्यात आहे, म्हणून नक्षी कितीही बदलली तरी परंपरा तुटत नाही.

ओसुमी युकिए यांचे काम त्याच अंगाने पाहावे. धातुकामात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. 2015 साली घडाईकामासाठी त्यांची निवड झाली. त्या चांदीचा पत्रा ठोकून ठोकून घडा उठवतात आणि त्यावर नुनोमे झोगान करतात. नुनोमे म्हणजे कापडाची वीण. पृष्ठभागावर सपाट टाकीने उभे, आडवे आणि तिरके इतके बारीक चर मारायचे की तो भाग हाताला मखमलीसारखा लागतो. मग त्यावर सोन्याचा किंवा शिशाचा पातळ वर्ख ठेवून ठोकला की तो त्या विणीत रुतून बसतो. राजस्थानातल्या कोफ्तगरीत तलवारीच्या मुठीवर सोने बसवतात ते याच तत्त्वावर. ओसुमी यांच्या घड्यावर मात्र वेलबुट्टी येत नाही. लाट येते, वारा येतो, आणि तोही घड्याच्या गोलाईला धरून. शिसे आणि चांदी यांच्यातला जो मंद फरक आहे, एक करडा तर एक पांढरा, तो इतक्या मोठ्या पृष्ठभागावर वापरायचे धाडस त्यांनी केले आहे. मला स्वतःला त्यांचे काम नाकागावांच्या कामापेक्षा अवघड वाटते, कारण त्यात चूक लपवायला कोपरा नसतो.

इथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. या सगळ्या तंत्रांचा जन्म तलवारीच्या साजातून झाला: त्सुबा म्हणजे मुठीपुढची चकती, मुठीवरची छोटी शिल्पे, म्यानातल्या सुरीची मूठ. गोतो घराण्याने पंधराव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या हे काम सत्ताधाऱ्यांसाठी केले. 1876 साली मेइजी सरकारने तलवार बाळगण्यास बंदी घातली आणि हजारो कारागिरांचे गिऱ्हाईक एका हुकमाने नाहीसे झाले. जे टिकले त्यांनी तेच हात फुलदाण्या, धूपपात्रे आणि पेट्या यांच्याकडे वळवले. त्सुबा घडवणारे कानो नात्सुओ यांनी त्याआधीच, 1870 च्या सुमारास, नव्या जपानी नाण्यांवरचा ड्रॅगन कोरला होता. पुढे ते तोक्योच्या 1889 साली उघडलेल्या ललितकला विद्यालयात शिकवू लागले. दुसरीकडे 1873 चे व्हिएन्ना आणि 1893 चे शिकागो अशा जागतिक प्रदर्शनांनी परदेशी बाजार उघडला. शिकागोला धातुशिल्पकार सुझुकी चोकिचींचे बारा ससाणे गेले होते, प्रत्येकाची पिसे वेगवेगळ्या धातूंच्या रंगांत. ते आज कानाझावाच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात आहेत आणि तिथे गेलात तर एक पूर्ण दुपार त्यांच्यासाठी राखा. एक कबुली मात्र देते. त्या काळातल्या निर्यातीच्या बऱ्याच वस्तू मला थकवतात. कौशल्य अचाट, पण परदेशी गिऱ्हाइकाला प्रत्येक इंचावर काहीतरी हवे म्हणून एका फुलदाणीवर ड्रॅगन, योद्धे, शेवंती आणि फुजी पर्वत अशी दाटी. तलवारीच्या चकतीला जागाच वीतभराच्या आत, म्हणून त्यावर एकच बेडूक आणि एक पान पुरत असे. जागा वाढली तेव्हा संयम सुटला.

तो संयम परत आणण्याचे श्रेय विसाव्या शतकाला. ओतकाम करणारे ताकामुरा तोयोचिका आणि त्यांच्या सोबत्यांनी 1926 साली 'मुकेई' नावाचा गट काढला. नावाचा अर्थ 'साचा नसलेले'. ओतकाम करणाऱ्यांनी स्वतःला बिनसाच्याचे म्हणवून घ्यावे, यातला खट्याळपणा लक्षात घ्या. त्यांची पात्रे सरळ रेषांची, यंत्रयुगाशी बोलणारी, आणि तरीही ओतीव कांस्याचीच होती. युद्धानंतर 1954 पासून पारंपरिक हस्तकलेचे वार्षिक प्रदर्शन भरू लागले, 1955 पासून कारागिरांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता मिळू लागली, आणि हे प्रदर्शन जुन्या नमुन्यांच्या नकला मागत नाही, नवी रचना मागते. तुम्ही पाहिलेली फुलदाणी या वातावरणातली आहे.

सगळीच नवी वाट जडावातून जाते असे नाही. निइगाता प्रांतातल्या त्सुबामे गावात 1816 पासून चालत आलेल्या ग्योकुसेन्दोसारख्या कार्यशाळेत तांब्याच्या एका सलग पत्र्यातून किटली आणि तिची तोटीही उठवतात. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम पाहिलेल्या माणसाला त्या ठोक्यांची लय लगेच ओळखू येईल. त्याच गावच्या तामागावा नोरिओ यांनी चांदी, तांबे आणि शाकुदो यांचे थर एकजीव करून त्यातून लाकडाच्या रेषांसारखी मोकुमे-गाने घडवली, आणि तीही दागिन्याएवढी नाही तर मोठ्या पात्राएवढी. ताकाओका शहरात ओतकामाला 1611 पासूनचा इतिहास आहे. तिथली नोसाकु ही कंपनी आज शंभर टक्के कथलाची अशी भांडी विकते जी हाताने वाकवून हवा तो आकार घेतात. कथील मऊ असते हा दोष तिथे गुण ठरला.

विकत घ्यायचा विचार असेल तर एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवा. भिंगाखाली जडावाची कड पाहा: हाताने जडवलेल्या तुकड्याची कड स्वच्छ असते, पण टाकीचा हात बदलला तिथे ती किंचित श्वास घेते. पर्यटकांसाठी मिळणाऱ्या स्वस्त काळ्या-सोनेरी वस्तूंवर तीच रेघ तंतोतंत सारखी उमटलेली असते आणि सोने मुलाम्याचे असते. त्या वस्तू वाईट नाहीत, फक्त वेगळ्या आहेत.

आणि घासू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिबुइचीचा एक छोटा डबा दुरुस्तीसाठी आला. मालकांच्या आजोबांनी तो कोबेहून आणलेला. झाकणावर राखाडी आभाळ, त्यात चांदीचा चंद्र आणि शाकुदोचे दोन बगळे होते, असे जुने छायाचित्र सांगत होते. दिवाळीच्या साफसफाईत घरच्या कोणीतरी तो चिंच आणि मिठाने लख्ख घासला होता. माझ्या हातात आला तेव्हा आभाळ फिकट गुलाबी, बगळे तांबडे आणि चंद्र जेमतेम ओळखू येईल असा. रंग मी परत आणला, पण मूळ कारागिराचा राखाडी नेमका कोणता होता हे फक्त त्यालाच ठाऊक होते. मऊ कोरडे कापड आणि वर्षातून एकदा मेणाचा पुसट हात, यापलीकडे अशा वस्तूला काही नको.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. करता येईल, पण फुलदाणीपासून सुरुवात करू नका. तळहाताच्या निम्म्या आकाराच्या पट्ट्या करा. पहिली शुद्ध तांब्याची, विजेच्या कामाचे तांबे चालेल. दुसरी शिबुइचीची, तीन भाग तांबे आणि एक भाग शुद्ध चांदी. दागिन्यातून वितळवलेली चांदी नको, कारण त्यातला भेसळीचा धातू राखाडीचे गणित बिघडवतो. शिबुइची लालभडक असताना ठोकू नका, तडकते. थोडे ठोका, तापवून मऊ करा, पुन्हा ठोका. शाकुदो नंतर करा, तेही 24 ग्रॅम तांब्याला 1 ग्रॅम सोने इतक्याच लगडीने, म्हणजे चूक झाली तर सोन्याच्या दुकानात जाऊन रडावे लागणार नाही.

रोकुशो इथे सहज मिळत नाही. जंगाल म्हणजे कॉपर ॲसिटेट आणि मोरचूद यांचे लिटरभर पाण्याला काही ग्रॅम असे द्रावण पट्ट्यांसाठी पुरते. त्याचा रंग अस्सल रोकुशोइतका खोल येत नाही, पण तत्त्व कळते. ही दोन्ही द्रव्ये विषारी आहेत, म्हणून स्वयंपाकघरातले पातेले वापरू नका, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नका. लोखंडाचा स्पर्श कुठेही होऊ देऊ नका, चिमट्याचाही नाही. मी एकदा लोखंडी तारेने टांगलेली पट्टी पूर्ण वाया घालवली आहे. डाग दिलेला जोड पट्टीवर ठेवू नका, तो वेगळ्याच रंगाची रेघ सोडतो. यांत्रिक बफ वापरला तर त्यातले मेण धातूत शिरते आणि मग कितीही धुतले तरी डाग पडतात. शेवटचा हात बारीक कोळशाचा किंवा पाण्यातल्या अतिबारीक घासपत्राचाच हवा.

पट्ट्या एकाच द्रावणात एकत्र सोडा आणि दर पाच मिनिटांनी एक बाहेर काढून धुऊन बाजूला ठेवा, म्हणजे रंगाचे टप्पे समोर राहतील. प्रत्येकीच्या मागे मिश्रणाचे प्रमाण, मिनिटे आणि तारीख टाकीने कोरून ठेवा, शाईने नाही. माझ्याकडे अशा दोनशेच्या वर पट्ट्या एका लाकडी पेटीत आहेत आणि नवे काम घेताना मी कागदावर आखणी करण्याआधी ती पेटी उघडते.